आधी उकल, मग ओतकाम : मोठ्या काँक्रीट कुंड्यांच्या साच्यांविषयी

जोसेफ मोनिए हा फ्रान्समधला माळी होता. संत्र्याच्या झाडांची निगा राखणं हे त्याच्या कामातलं एक मोठं काम. पॅरिसच्या थंडीत संत्र्याचं झाड उघड्यावर तगत नाही. त्यामुळे ही झाडं मोठ्या लाकडी पेट्यांत लावायची, उन्हाळाभर बागेत ठेवायची आणि हवा गार होऊ लागली की पेटीसकट बंदिस्त दालनात न्यायची, असा तिथला जुना रिवाज. ओल्या मातीने लाकूड कुजायचं आणि भाजलेल्या मातीची कुंडी हलवताना फुटायची. नुसत्या सिमेंटची कुंडी केली तर तिला तडे जायचे. मोनिएने लोखंडी सळया-तारांची जाळी सिमेंटमध्ये गाडली आणि १६ जुलै १८६७ रोजी बागेतल्या कुंड्यांसाठी म्हणून त्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढे त्याने पाइप आणि सपाट तक्ते यांनाही तीच पद्धत लावली, १८७३ मध्ये पुलांचं पेटंट घेतलं आणि १८७५ मध्ये शाजले इथे तसा एक छोटा पूल उभाही राहिला. जाळीवर सिमेंट लिंपून लांबो नावाच्या गृहस्थाने १८४८ मध्येच होडी केली होती, हे खरं. पण जर्मनीत वायस आणि कोनेन यांनी १८८६-८७ च्या सुमारास ज्या पद्धतीला गणिताचा पाया दिला, ती मोनिएची होती. आज आपण ज्याला सरसकट आरसीसी म्हणतो, त्याचा एक मुख्य धागा असा माळ्याच्या कुंडीपर्यंत जातो. कुंडी हे काँक्रीटचं किरकोळ काम समजलं जातं, त्या समजुतीला हा इतिहास पुरेसं उत्तर आहे.

मोनिएच्या आधीच्या लाकडी पेट्यांत एक फार शहाणी सोय होती. व्हर्सायच्या राजबागेसाठी सतराव्या शतकात ज्या पेट्या बनल्या, त्यांच्या बाजूच्या फळ्या उघडता येत. माळी एक बाजू उघडून मुळं बघायचा, वाढलेली छाटायचा, जुनी माती काढून नवी भरायचा आणि फळी पुन्हा लावायचा. काँक्रीटची कुंडी अखंड असते, ती उघडत नाही. उघडण्याची ती सोय कुंडीतून निघाली आणि साच्यात आली. मोठी कुंडी ओतणारा माणूस खरं तर आधी एक उघडणारी पेटी बनवत असतो, आणि ती पेटी किती नीट उघडते यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. म्हणून या पुस्तकाची प्रकरणं उलट्या क्रमाने लावली आहेत. साचा कसा सोडवायचा हे पहिल्या प्रकरणात येतं, काँक्रीट कसं ओतायचं ते त्यानंतर, आणि साचा बांधायचा कसा हे सगळ्यांत शेवटी. सुतार, गवंडी आणि हौशी माणूस, तिघेही बहुधा याच्या बरोबर उलट वागतात : आधी आकार ठरवतात, साचा ठोकून काढतात, काँक्रीट भरतात, आणि दुसऱ्या दिवशी पहार घेऊन विचार करू लागतात.

आपल्याकडे हमरस्त्यांच्या कडेला सिमेंटच्या कुंड्यांच्या रांगा दिसतात, त्यांची रीत निराळी आहे. तिथे फर्म्यात घट्टसर माल थापून बसवतात, त्यात तारेची कडी टाकतात आणि फर्मा लवकर मोकळा करून पुढच्या कुंडीला लावतात. माल कोरडसर असल्याने कुंडी आपल्या पायावर उभी राहते. या कामात कमालीचा हात लागतो आणि तो पुस्तकातून शिकवता येत नाही. इथे विषय आहे तो दोन माणसांना उचलता न येणाऱ्या कुंडीचा. ती ओल्या, वाहत्या काँक्रीटने ओतावी लागते. ते काँक्रीट साच्यात एक रात्र तरी मुक्काम करतं आणि त्या मुक्कामात साच्याला धरून बसतं.

पुस्तकभर एकच नमुना घेतला आहे : ९० सेंमी व्यास, ७५ सेंमी उंची, भिंत आणि तळ ५ सेंमी जाड. हिशेबापुरतं ते सरळ नळकांडं धरू. त्याला सुमारे १२५ लिटर काँक्रीट लागतं आणि वाळलेल्या कुंडीचं वजन ३०० किलोंच्या आसपास भरतं. घनमीटरला ४०० किलो सिमेंट धरलं, तर बरोबर एक पोतं सिमेंट. पातळ भिंतीच्या कामाला हे प्रमाण योग्य आहे. खडी भिंतीच्या जाडीच्या एक चतुर्थांशापेक्षा मोठी नको, हा बांधकामातला नेहमीचा नियम इथेही लागू. म्हणजे १० मिमीची बारीक खडी, तीही धुतलेली. जाळी भिंतीच्या मध्यावर, कव्हर ब्लॉक बांधून. मोनिएलाही जाळी मध्यावरच ठेवायची सवय होती. तुळईत सळई ताणाच्या बाजूला हवी हे पुढे कोनेनने दाखवून दिलं, पण कुंडीची भिंत आतून मातीने आणि बाहेरून धक्क्यांनी असा दोन्हीकडचा मार खाते. तिथे माळ्याचा अंदाज आजही बरोबर ठरतो.

आता साच्यावर काय गुदरतं ते बघू. ओलं काँक्रीट म्हणजे पाण्याच्या जवळजवळ अडीचपट जड द्रव. ७५ सेंमी उंची एका दमात भरली, तर तळाशी दर चौरस मीटरला १८०० किलोंचा दाब येतो. २० सेंमी लांब-रुंद चौकोन डोळ्यांपुढे आणला, तर तेवढ्या जागेवर ७२ किलो. एक मोठा माणूस एका पायावर उभा राहिला असं धरा, फक्त आडवा. म्हणून गोल साच्याला तळाशी पट्टे जवळजवळ हवेत आणि वर जाल तसे विरळ चालतात. समान अंतरावर ठोकलेले पट्टे नेटके दिसतात, पण त्यांत वरचे वाया जातात आणि खालचे अपुरे पडतात. सांधा थोडा जरी फाकला तरी त्यातून सिमेंटचं पाणी निथळतं, मागे नुसती खडी-वाळू उरते, आणि साचा काढल्यावर त्या जागी हनीकोंब दिसतो. सांध्याला फोमची पट्टी लावून बोल्ट आवळणं हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय.

आडव्या दाबाची कल्पना बहुतेकांना असते. वर उचलणाऱ्या जोराची नसते, आणि मोठ्या कुंडीचा घात तोच करतो. कुंडी सरळ ओतायची तर आतला साचा, म्हणजे गाभा, तळापासून ५ सेंमी वर टांगून ठेवावा लागतो. आपल्या नमुन्यात गाभ्याचं घनफळ ३५० लिटरांच्या वर आहे. सगळं काँक्रीट एकाच वेळी पातळ असेल, तर सुमारे ८४५ किलोंचा जोर त्याला वर ढकलतो. प्लायचा गाभा असतो चाळीस-पन्नास किलोंचा. वर दोन विटा ठेवून तो खाली राहत नाही. वरून आडवी तुळई घालून ती बाहेरच्या साच्याला आवळावी लागते, आणि बाहेरचा साचा खालच्या पाटाला. दुसरा मार्ग म्हणजे आधी फक्त तळ भरायचा, तो जरा आवळू द्यायचा, मग भिंती भरायच्या. गाभ्याखालचं काँक्रीट आवळलं की दाब खालून पोचत नाही. मात्र थांबण्याची वेळ चुकली तर तळ आणि भिंत यांच्यात कच्चा जोड राहतो आणि कुंडी पुढे नेमकी तिथेच पाझरते.

म्हणून अनुभवी लोक कुंडी उलटी ओततात. काठ खाली, तळ वर. गाभा पाटावर पक्का बसवलेला असतो, काँक्रीट त्याला खालीच दाबतं. काठ पाटाच्या गुळगुळीत पृष्ठावर तयार होतो, त्यामुळे कुंडीचा सर्वांत जास्त दिसणारा भाग सर्वांत सुबक निघतो. पाणी जाण्याची भोकं वर येतात, डोळ्यांसमोर. पण जोर नाहीसा होत नाही. कुंडी काठाशी रुंद आणि तळाशी अरुंद असते, म्हणून उलट्या ओतकामात बाहेरच्या साच्याच्या भिंती आत कलतात, आणि तिरक्या भिंतीवरचा दाब आता बाहेरचा साचा वर उचलू पाहतो. तो केसभर उचलला गेला की खालून लगदा सुटतो. या पद्धतीत बाहेरचा साचा पाटाला खाली आवळणं हेच मुख्य काम आहे.

आणि आता उकल. काँक्रीट साच्याला तीन तऱ्हांनी धरतं, आणि तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. हे वेगळेपण लक्षात न घेतल्यामुळे लोक सगळ्यावर तेलच ओतत बसतात. पहिली धर पृष्ठभागाची : लाकडाच्या रेषा, प्लायवरचे ओरखडे, खिळ्यांची डोकी, यांत सिमेंट शिरून बसतं. तिथे तेलाचा उपयोग आहे, पण त्याहून जास्त उपयोग गुळगुळीत, नीट सील केलेल्या प्लायचा.

दुसरी धर आकाराची. काँक्रीट सुकताना किंचित आकसतं. बाहेरच्या साच्यापासून ते त्यामुळे सुटतं, पण गाभ्यावर मात्र आवळत जातं. त्यातच गाभ्याचं लाकूड काँक्रीटमधलं पाणी पिऊन फुगतं. दोघं एकमेकांच्या दिशेने सरकतात. म्हणून गाभा बाहेरच्या साच्यापेक्षा जास्त निमुळता हवा. भाताची मूद पाडायची वाटी तळाकडे निमुळती असते ती याच कारणासाठी. उंचीच्या दर १५ सेंमीला निदान १ सेंमी आत, हे माझं मत. त्याहून कमी ठेवायचं असेल तर गाभा एकसंध करू नये. गोल गाभ्याचे चार-पाच भाग करावेत आणि त्यांतली एक उभी फळी उलट्या पाचरीसारखी ठेवावी, आतल्या बाजूला रुंद आणि काँक्रीटच्या बाजूला अरुंद. कारागीर तिला चावी म्हणतात. ती आत ओढली की बाकीच्या भागांना सरकायला जागा होते आणि ते एकेक करून मोकळे होतात. चावीची फळी काँक्रीटच्या बाजूला रुंद केली तर ती आत येतच नाही. ही पाचर कुठल्या बाजूला रुंद, हे पहिल्या प्रकरणातल्या आकृतीत मुद्दाम मोठं करून दाखवलं आहे. ज्यांना इतकं सुतारकाम नको, त्यांनी गाभ्याभोवती पातळ फोमचा थर गुंडाळून त्यावर चिकटपट्टी लावावी. आकसणारं काँक्रीट फोम दाबतं, गाभ्याला धरत नाही. आतला भाग मातीने झाकला जाणार असल्याने त्याच्या रूपाची चिंता नको.

तिसरी धर हवेची, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. चहूबाजूंनी सुटलेला गाभा शेवटी तळाशी अडकून बसतो, तेव्हा तो चिकटलेला नसतो. गाभा आणि तळ यांच्यात हवा शिरायला वाट नसते. हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे दहा टन. ८० सेंमी व्यासाच्या तळाचं क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर. म्हणजे पाच टनांपर्यंतचा जोर ओढणाऱ्याच्या विरुद्ध उभा राहू शकतो. पहार लावली तर अशा वेळी कुंडीचा काठ तुटतो, गाभा हलत नाही. इलाज कुंडीतच आहे : पाणी जाण्याच्या भोकातून हवा आत सोडायची. सायकलचा पंप पुरतो. भोकाला रबरी बूच, त्यातून नळी, आणि सावकाश चार-सहा वेळा दांडा दाबला की ‘फस्स’ आवाज येऊन गाभा मोकळा होतो. कॉम्प्रेसर असेल तर फार जपून. जो हिशेब ओढणाऱ्याच्या विरुद्ध होता, तोच आता कच्च्या काँक्रीटच्या विरुद्ध लागू होतो. भरमसाट हवा एकदम सोडली तर तळ फुटतो. पंप नसेल तर भोकातून पाणी ओतून थांबावं, ते वाट काढत झिरपतं.

तेलाबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. गॅरेजमधलं जळकं ऑइल शटरिंगला लावायची सवय आपल्याकडे खोलवर रुजली आहे, कारण ते जवळजवळ फुकट मिळतं. कुंडीला ते कधीही लावू नये. त्यात काजळी असते, इंजिनाच्या झिजेतले धातू असतात, आणि ज्या भिंतीला ते लागतं तिला पुढची वीस-पंचवीस वर्षं माती आणि मुळं टेकून राहणार असतात. शिवाय ते डाग पाडतं आणि वरून दिलेला रंग टिकू देत नाही. शटरिंगसाठी मिळणारी चांगली तेलं वेगळ्या तत्त्वावर चालतात : त्यांतली स्निग्धाम्लं काँक्रीटमधल्या चुन्याशी संयोग पावतात आणि मधल्या जागेत कॅल्शियमच्या साबणाचा अगदी पातळ थर बनतो. साचा सुटतो तो या साबणावरून. हे घडायला तेल नाममात्र लागतं. जास्त झालेलं तेल हवेचे बुडबुडे पृष्ठभागाशी धरून ठेवतं, त्यामुळे भिंतीवर बारीक भोकं पडतात आणि वरचा थर भुगा होऊन हाताला लागतो. लावून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसून घ्यावं. बोट फिरवल्यावर बोट चमकलं पाहिजे, ओलं होता कामा नये. आणि हे सगळं जाळी बसवण्याआधी. तेल लागलेल्या तारेला सिमेंट धरत नाही.

साचा कधी काढायचा? भारतीय मानक आयएस ४५६ उभ्या शटरिंगसाठी १६ ते २४ तास सांगतं, पण ते साध्या ओपीसी सिमेंटसाठी आणि तापमान १५ अंशांखाली जात नसेल तेव्हा. दुकानात बहुधा पीपीसी मिळतं, ते सावकाश ताकद धरतं. मे महिन्यात विदर्भात दुपारी ओतलेली कुंडी आणि डिसेंबरात नाशिककडे संध्याकाळी ओतलेली कुंडी यांना एकच घड्याळ लावता येत नाही. माझा क्रम असा : दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरच्या साच्याचे बोल्ट फक्त सैल करायचे आणि फटीत पाणी सोडायचं. संध्याकाळी किंवा तिसऱ्या दिवशी बाहेरचा साचा काढायचा. कोपऱ्यावर नखाने ओरखडा उमटत असेल तर थांबायचं. कुंडी सुलटी करून गाभा काढायचा तो आणखी दोन दिवसांनी, वाळूच्या ढिगावर किंवा जुन्या टायरवर हळूच कलती करून. हातोडा लागलाच तर रबरी, आणि तोही साच्यावर.

साचा कशाचा करावा, यावर पुस्तकात लांब चर्चा आहे, इथे फक्त माझा कल सांगतो. दोन-चार कुंड्यांना सील केलेला प्लाय. एकाच आकाराच्या अनेक करायच्या असतील तर फायबरचा, तीन भागांचा. लोखंडी पत्रा टिकतो, पण गंजाचे डाग देतो आणि उन्हात तापतो. नक्षी, पानं-फुलं, आत वळलेले कंगोरे असतील तर कडक साचा सुटणारच नाही. तिथे रबर हवं. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतली रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको : आत लवचीक रबर, बाहेर त्याला आकारात धरणारं कडक कवच, आधी कवच काढायचं, मग रबर सोलायचं. मोठ्या कुंडीला मात्र संपूर्ण रबरी साचा परवडत नाही. नक्षीच्या पट्ट्यापुरतं रबर साच्यात बसवणं हा शहाणपणाचा मार्ग आहे.

पातळ भिंतीचा मोह सगळ्यांनाच होतो. स्विस डिझायनर विली गूल याने १९५० च्या दशकात इटर्निट कंपनीच्या सिमेंट-पत्र्यांपासून केलेल्या कुंड्या आजही डिझाइनच्या इतिहासात मानाने दाखवतात आणि त्या देखण्या आहेतच. पण तो पत्रा ॲस्बेस्टॉसचा होता. तशी जुनी कुंडी हाती आली तर ती कापू नये, घासू नये. आज तेवढी पातळ भिंत हवी असेल तर काचतंतूंचं काँक्रीट वापरतात. साधी काच सिमेंटच्या अल्कलीत विरघळत जाते. झिर्कोनिया घातलेली, अल्कलीला दाद न देणारी काच ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च संस्थेत ए. जे. मजुमदार यांनी विकसित केली, तेव्हापासून हा मार्ग खुला झाला. बाजारात ‘फायबर’ म्हणून मिळणारी स्वस्त काच सिमेंटमध्ये घालू नये. ती काही वर्षांतच ठिसूळ होते.

साचा सुटला म्हणजे कुंडी तयार झाली, असं नाही. ओपीसीला निदान सात दिवस आणि पीपीसीला दहा दिवस, गोणपाट गुंडाळून सतत ओल. त्यानंतर भोकं बंद करून कुंडी पाण्याने भरावी, दोन-तीन दिवसांनी ते पाणी टाकावं, पुन्हा भरावी. नव्या काँक्रीटमधून चुना सुटतो, त्याचा सामू १२ च्या वर असतो. त्यामुळे फर्न, अझेलिया यांसारख्या आम्लट माती मागणाऱ्या झाडांची पानं पिवळी पडतात. दोष खताला दिला जातो, कारण असतं कुंडीत.

शेवटची गोष्ट पहिल्या प्रकरणाच्या आधी करायची आहे, म्हणून इथे लिहितो. आपल्या नमुन्याच्या कुंडीत ओली माती भरली की एकूण वजन ८५० किलोंच्या वर जातं, आणि ते उभं असतं अवघ्या ०.६४ चौरस मीटरवर. म्हणजे चौरस मीटरला १३०० किलोंहून जास्त. वापरातल्या गच्चीसाठी आयएस ८७५ मध्ये धरलेला भार आहे चौरस मीटरला सुमारे १५० किलो. अंगणात, जमिनीवर हा प्रश्न नाही. गच्चीवर किंवा बाल्कनीत ठेवायची असेल तर इमारतीचे नकाशे घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. कुंडी कॉलमच्या डोक्यावर येते का, स्लॅबच्या मध्यावर येते का, हे त्याच्याकडून लिहून घ्या, आणि मगच प्लाय कापायला घ्या. बाल्कनीच्या बाहेर काढलेल्या भागावर मात्र या मापाची कुंडी ठेवूच नका. तिथल्यासाठी काचतंतूंच्या हलक्या कुंडीचं प्रकरण वेगळं दिलं आहे.